काड्या भरलेल्या, आवाज मात्र तुटतोय: फोन हातात घेतला की बिघडणाऱ्या सिग्नलचा शोध

फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोललं की सगळं ठीक. कानाला लावला की पलीकडून उत्तर येतं, "मधले शब्द ऐकूच येत नाहीयेत." स्क्रीनकडे पाहावं तर काड्या चार. फोन बंद करून चालू केला की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच, आणि बहुतेक वेळा घरातल्या त्याच कोपऱ्यात, त्याच हातात. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि माझ्या स्वतःच्या फोनवर काही महिने सोसलीही आहे. त्या काळात जे शोधत गेलो ते इथे क्रमाने लिहितो.

सिम काढून पुन्हा घालणं, नेटवर्क सेटिंग रीसेट करणं, शेवटी फॅक्टरी रीसेट, हे बहुतेक सगळे करून बघतात. त्याने फरक पडल्यासारखा वाटतो, कारण रीस्टार्टनंतर फोन कधीकधी दुसऱ्याच बँडवर, म्हणजे वारंवारतेच्या दुसऱ्याच पट्ट्यावर, जाऊन बसतो आणि तिथे त्रास कमी असतो. पुन्हा जुन्या बँडवर आला की त्रासही परत येतो. तक्रार जर हाताच्या पकडीप्रमाणे कमीजास्त होत असेल, तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. शोध अँटेनापासून सुरू करा.

त्याआधी दोन गोष्टी बाजूला काढा

पहिली गोष्ट माइक. फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, आणि आजूबाजूचा गोंगाट कापण्यासाठी दुसरा बहुधा वरच्या भागात किंवा कॅमेऱ्याजवळ असतो. करंगळी खालच्या छिद्रावर आली किंवा तर्जनी वरच्या छिद्रावर टेकली, तरी पलीकडे आवाज तुटल्यासारखा किंवा बुडाल्यासारखा येतो. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाका, नेहमीच्याच पकडीत कानाला लावा आणि व्हॉइस रेकॉर्डरमध्ये मिनिटभर बोला. रेकॉर्डिंगमध्येच आवाज खराब असेल तर अँटेनाचा काही संबंध नाही. गोंगाट कापण्याची यंत्रणा काही फोनमध्ये फक्त कॉलच्या वेळी चालते, त्यामुळे रेकॉर्डिंग स्वच्छ आलं तरी माइक शंभर टक्के सुटला असं समजू नका. बोटं दोन्ही छिद्रांपासून दूर ठेवून एक कॉलही करून पाहा.

दुसरी गोष्ट वायफाय कॉलिंग. घरात असताना तुमचा कॉल मोबाइलच्या टॉवरवरून न जाता राउटरवरून जात असेल, तर पुढच्या सगळ्या चाचण्या निरर्थक ठरतील. ते बंद करा. दोन सिम असतील तर एकच चालू ठेवा.

हात लागला की आत काय होतं

आजच्या फोनमध्ये अर्धा डझन किंवा त्याहून जास्त अँटेना असतात. धातूच्या कडेवर मधेमधे ज्या बारीक प्लॅस्टिकच्या फटी दिसतात, त्यांच्यामधला धातूचा तुकडा हाच बऱ्याच फोनमध्ये अँटेना असतो. आतली रेडिओ यंत्रणा ५० ओहमच्या इम्पीडन्ससाठी, म्हणजे बदलत्या विद्युत प्रवाहाला होणाऱ्या तेवढ्या विरोधासाठी, बांधलेली असते. अँटेनाचा इम्पीडन्स त्याच्या जवळपास असेल तर शक्ती बाहेर जाते, दूर असेल तर काही भाग उलट फिरून आत येतो. हे न जुळणं व्हीएसडब्ल्यूआर या आकड्याने सांगतात. १:१ म्हणजे पूर्ण जुळलेलं. ३:१ असेल तर एक चतुर्थांश शक्ती परत फिरते, म्हणजे तोटा सुमारे १.२५ डीबी. मोबाइलच्या अँटेनासाठी एवढं चालवून घेतलं जातं. १०:१ झालं तर दोन-तृतीयांश परत फिरते आणि तोटा ४.८ डीबीच्या आसपास जातो. डीबीचा अंदाज येण्यासाठी एवढं पुरे: ३ डीबी कमी म्हणजे शक्ती निम्मी, १० डीबी कमी म्हणजे दहावा हिस्सा.

आपला हात म्हणजे पाण्याने भरलेलं मांस. विद्युत क्षेत्राला तो हवेपेक्षा कितीतरी वेगळा दिसतो. अँटेनाजवळ आला की तिचा अनुनाद, म्हणजे ती सगळ्यात चांगली चालते ती वारंवारता, खाली सरकतो. हा परिणाम सगळ्यात जास्त जाणवतो तो कमी वारंवारतेच्या बँडवर. ७०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४३ सेंटीमीटर असते आणि फोनची लांबी असते जेमतेम १६ सेंटीमीटर. तरंगलांबीच्या मानाने अँटेना जितकी लहान, तितकी ती अरुंद पट्ट्यात काम करते. अभियंते एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलेली ही मर्यादा आहे, हुशारीने ती ओलांडता येत नाही. पट्टा अरुंद, त्यात हाताने तो सरकवला, म्हणजे अँटेना नेमक्या हव्या त्या वारंवारतेवरून घसरते. ३५०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ८.६ सेंटीमीटरच असते. तिथे घसरण्याचा प्रश्न कमी, पण एखादं बोट अख्खी अँटेना झाकू शकतं.

हे सावरण्यासाठी फोनमध्ये ट्यूनर असतो. त्याचे दोन प्रकार. एक अँटेनाच्या पट्टीवरच बसवलेले स्विच, जे तिची विद्युत लांबी बदलतात. दुसरा अँटेनाला सिग्नल जिथे मिळतो तिथले बदलते कपॅसिटर, जे इम्पीडन्स जुळवतात. कुठल्या स्थितीत कुठला स्विच लावायचा याचे तक्ते कारखान्यात तयार करून फोनमध्ये भरलेले असतात. चांगल्या फोनमध्ये कपलर नावाचा भाग पुढे जाणारी आणि परत येणारी शक्ती मोजतो, मोडेम (टॉवरशी संवाद सांभाळणारी चिप) त्यावरून अंदाज बांधतो आणि तक्त्यातली दुसरी ओळ निवडतो. साध्या फोनमध्ये असं मोजमाप नसतं. कुठला बँड चालू आहे, फोन कानाजवळ आहे का, केबल लावली आहे का, एवढ्यावरच ओळ ठरते.

यातल्या एका गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि मला ती या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. परत येणारी शक्ती कमी झाली म्हणजे बाहेर जाणारी वाढली असं नसतं. हात शक्ती शोषून घेतो. बोटं अँटेनावर घट्ट टेकलेली असतील तर निघालेली शक्ती हातातच उष्णतेच्या रूपाने जिरते, परत फारसं काही येत नाही, आणि ट्यूनरला सगळं छान जुळल्यासारखं दिसतं. ट्यूनर जुळणीतला तोटा भरून काढू शकतो, हाताने शोषलेलं परत मिळवू शकत नाही. शिवाय ट्यूनरचे स्वतःचे भागही थोडी शक्ती खातात. त्यामुळे "माझ्या फोनमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह ट्यूनिंग आहे, तरी असं का?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

काड्या खोटं बोलत नाहीत, त्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतात

काड्या दाखवतात ते टॉवरकडून फोनकडे येणारं, म्हणजे डाउनलिंक. तुमचा आवाज जातो तो फोनकडून टॉवरकडे, अपलिंकने. ऐकण्यासाठी फोन दोन, कधी चार अँटेना एकत्र वापरतो. खालची झाकली तर वरची ऐकते, आणि काड्या टिकून राहतात. बोलण्यासाठी मात्र बहुतेक वेळा एकच अँटेना वापरली जाते. ती नेमकी तुमच्या तळव्याखाली असेल तर काड्या चारच्या चार राहून आवाज तुटू शकतो. तुम्हाला पलीकडचं सगळं स्पष्ट ऐकू येतं, त्यांना तुमचं येत नाही. अशी एकतर्फी तक्रार असेल तर संशय अपलिंकवर घ्या.

फोन आपली शक्ती वाढवून हा तोटा भरून काढायचा प्रयत्न करतो. पण त्याला छत आहे. एलटीईमध्ये (म्हणजे ४जीमध्ये) नेहमीच्या फोनची कमाल शक्ती २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट. टॉवर जवळ असेल तर फोन त्याच्या कितीतरी खाली बोलत असतो, हाताने ६ डीबी खाल्ले तरी तो तेवढे वाढवतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. फक्त बॅटरी जरा लवकर उतरते आणि फोन कोमट होतो. टॉवर लांब असेल, भिंती जाड असतील, फोन आधीच छताला टेकलेला असेल, तर तेच ६ डीबी आवाजातून वजा होतात. म्हणूनच त्रास घरातल्या ठरावीक कोपऱ्यात होतो आणि बाहेर रस्त्यावर तोच फोन, तीच पकड, काही तक्रार नाही. कोपऱ्यात फोन बिघडत नाही. तिथे हाताशी असलेली शिल्लक संपते.

बँडचाही यात वाटा असतो. बँड ८ मध्ये अपलिंक ८८० ते ९१५ मेगाहर्ट्झ आणि डाउनलिंक ९२५ ते ९६०. बँड २० मध्ये हे उलट आहे: डाउनलिंक ७९१ ते ८२१ आणि अपलिंक त्याच्या वर, ८३२ ते ८६२. हाताने अनुनाद खाली ढकलला की दोघांपैकी वरच्या वारंवारतेला आधी फटका बसतो. तीच पकड एका बँडवर ऐकण्याला त्रास देईल आणि दुसऱ्यावर बोलण्याला. दोन जणांच्या सारख्याच मॉडेलचा अनुभव वेगळा का, याचं एक साधं कारण हे असू शकतं. २३०० मेगाहर्ट्झच्या बँड ४० सारख्या ठिकाणी बोलणं आणि ऐकणं एकाच वारंवारतेवर वेळ वाटून चालतं, तिथे हा भेद नसतो.

मोजायचं कसं

आता प्रत्यक्ष कामाला लागू. अँड्रॉइडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबल्यावर बऱ्याच फोनमध्ये चाचणीचा मेनू उघडतो. काही कंपन्यांनी तो बंद केलेला असतो, मग सिग्नल दाखवणारं एखादं अ‍ॅप चालेल. आयफोनवर *३००१#१२३४५#* दाबून कॉलचं बटण. तिथे आरएसआरपी नावाचा आकडा शोधा, तो टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद सांगतो. तो ऋण असतो आणि डीबीएममध्ये असतो: उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे ११० च्या पलीकडे गेलं की फोन धडपडतोय असं समजा. बँडचा क्रमांकही बहुधा तिथेच दिसतो, तो लिहून ठेवा. काड्यांकडे पाहूच नका. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

मोजताना सगळ्यात मोठी चूक होते ती फोन हलवण्याची. भिंतींवरून आदळून आलेल्या लहरी खोलीत एकमेकींत मिसळतात आणि काही सेंटीमीटरवर सिग्नल १० डीबीने वरखाली होऊ शकतो. १८०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी जेमतेम ८ सेंटीमीटर असते. टेबलावर मोजलं, मग फोन उचलून कानाला लावून मोजलं आणि म्हटलं "हाताने १२ डीबी गेले", तर त्यातले किती हाताचे, किती जागा बदलल्याचे आणि किती आपल्या डोक्याने अडवलेले, हे सांगताच येणार नाही. म्हणून फोन लाकडी टेबलावर किंवा जाड पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, धातूच्या टेबलावर नको. हलवू नका. आकडा स्थिर होऊ द्या, अर्धा मिनिट पाहून मधला आकडा लिहा. मग फोन तसाच ठेवून फक्त खालचा एक-तृतीयांश भाग दोन्ही हातांनी झाका, पुन्हा अर्धा मिनिट. हात काढा, मूळ आकडा परत येतो का पाहा. मग वरची बाजू. मग दोन्ही कडा. ही फेरी तीन वेळा करा. एकाच फेरीवर विश्वास ठेवू नका, कारण दरम्यान फोन शांतपणे दुसऱ्या बँडवरही जातो. बँड बदलला असेल तर ती फेरी रद्द धरा.

हे झालं ऐकण्याचं. अपलिंकसाठी फोन स्वतः बहुधा काही दाखवत नाही, म्हणून मी जुनी पद्धत वापरतो. दुसऱ्या फोनवर कॉल लावा, तो फोन शांत खोलीत कुणाकडे तरी द्या आणि एक ते शंभर आकडे सेकंदाला एक या गतीने म्हणा. ऐकणाऱ्याने गाळलेले किंवा तुटलेले आकडे कागदावर टिपायचे. पंचवीस आकडे फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर, पंचवीस उजव्या हातात कानाला लावून, पंचवीस डाव्या हातात, पंचवीस फक्त दोन बोटांनी मधल्या कडा धरून. कॉलमधला आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, एखादा तुकडा हरवला तर कळतही नाही. आकडाच्या आकडा गायब होतो तेव्हा सलग बरेच तुकडे गेलेले असतात. कॉल नको असेल तर अपलोडचा वेग मोजा. डाउनलोड जवळपास तेवढाच राहून अपलोड एकदम कोसळत असेल, तर निष्कर्ष तोच.

डावा आणि उजवा हात वेगळे मोजायला सांगतो त्याचं कारण आहे. दोन्ही हातांची बोटं फोनच्या वेगवेगळ्या कडांवर पडतात. प्रयोगशाळेतही फोनची चाचणी कृत्रिम डोकं आणि कृत्रिम हात लावून, डाव्या आणि उजव्या बाजूने वेगवेगळी केली जाते. तुमचा त्रास एकाच हातात होत असेल तर तो भास नाही.

आकडे काय सांगतात

खालचा भाग झाकल्यावर काही डीबी पडले, वरचा झाकल्यावरही काही पडले, हात काढल्यावर दोन्ही परत आले: फोन निरोगी आहे. त्रास होतोय तो शिल्लक कमी असल्यामुळे. पकड बदला. फोन मधल्या भागात धरा, तळवा खालच्या कडेपासून दूर ठेवा. आडवा धरून खेळ खेळताना किंवा व्हिडिओ कॉलवर दोन्ही तळवे दोन्ही टोकांवर बसतात, आणि वरची-खालची अशी अदलाबदल करून वाचण्याची फोनची सोयच संपते. तिथे स्टँड वापरा किंवा इअरफोन लावून फोन समोर ठेवा. हा उपाय साधा वाटतो, पण शोषलेली शक्ती परत मिळवण्याचा याशिवाय दुसरा मार्ग नाही.

पकड घेतल्यावर पहिली काही सेकंदं वाईट, मग आपोआप सुधारणा: ट्यूनर आणि अँटेना बदलणारा स्विच काम करतायत. परत येणारी शक्ती मोजायची तर फोन बोलत असावा लागतो. तो गप्प असताना मोजायला काही नसतं, म्हणून कॉलच्या सुरुवातीला तो जुन्या किंवा सरासरी स्थितीतच असतो. अँटेना बदलण्याचा निर्णयही मुद्दाम थोडा थांबून घेतला जातो, नाहीतर बोट हललं की फोन वर-खाली उड्या मारत बसेल. हा उशीर दोष नाही. पण दर दहा-पंधरा सेकंदांनी बरं-वाईट-बरं असं चक्र चालू असेल, तर फोन दोन अँटेनांमध्ये हेलकावे खातोय. सॉफ्टवेअर अपडेट आलं असेल तर ते घ्या, कारण तक्ते आणि निर्णयाचे नियम मोडेमच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि अपडेटने खरंच सुधारू शकतात. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर ते तारखेसकट कळवा, हीदेखील तितकीच शक्य गोष्ट आहे.

कव्हर काढून सगळी फेरी पुन्हा करा. साधं सिलिकॉन किंवा प्लॅस्टिकचं कव्हर बहुधा उपकारकच असतं, कारण ते बोट आणि धातू यांच्यात अंतर ठेवतं. जून २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ ची आठवण इथे उपयोगी आहे. त्याची बाहेरची स्टीलची पट्टी हीच अँटेना होती आणि खालच्या डाव्या बाजूची फट हाताने जोडली गेली की सिग्नल पडायचा. कंपनीने तेव्हा फुकट कव्हरं दिली, आणि काड्या मोजण्याचं सूत्र चुकीचं असल्याचंही मान्य करून ते बदललं. कव्हराने वाचवलं ते याच अंतरामुळे. पण धातूचं कव्हर, कार्बन फायबरचं कव्हर, कारमधल्या स्टँडसाठी आत चिकटवलेली लोखंडी चकती, मागे लावलेली धातूची अंगठी, हे सगळे अँटेनाच्या शेजारी बसलेले परके वाहक आहेत. कार्बन फायबर वीज वाहतं हे अनेकांना माहीत नसतं. कारखान्यातल्या तक्त्यांमध्ये या वस्तूंचा विचार केलेला नसतो, त्यामुळे ट्यूनर कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे निवडायला योग्य ओळच नसते.

चार्जिंगची केबल लावलेली असतानाच त्रास होतो का, तेही बघा. कमी वारंवारतेवर एकटी अँटेना नव्हे, तर फोनचा सगळा धातूचा सांगाडा मिळून प्रसारण करत असतो. त्याला मीटरभर तार जोडली की ती त्याचाच भाग बनते. शिवाय हलक्या चार्जरचा गोंगाट केबलमधून आत येऊन ऐकण्याची क्षमता घटवतो. आरएसआरपी तेवढाच, पण एसआयएनआर (गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती) नावाचा आकडा केबल लावताच घसरला, तर गोंगाटावर संशय घ्या आणि दुसरा चार्जर लावून बघा. घडीच्या फोनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. बंद आणि उघडा या दोन स्थितींत सांगाड्याचा आकारच बदलतो, म्हणून दोन्हींची फेरी वेगवेगळी घ्या. घडी घातल्याचं ओळखणारा सेन्सर लोहचुंबकावर चालत असेल तर चुंबकवालं कव्हर त्याला फसवू शकतं.

एक प्रकार पकडायला अवघड. शरीर जवळ आहे का हे ओळखणारा कपॅसिटिव्ह सेन्सर अनेक फोनमध्ये अँटेनाच्याच धातूचा वापर करतो. शरीर जवळ आलं की फोन प्रसारणाची शक्ती कमी करतो, कारण शरीरात जिरणाऱ्या ऊर्जेवर कायद्याची मर्यादा आहे: काही देशांत १ ग्रॅम ऊतींवर सरासरी १.६ वॉट प्रति किलो, काही ठिकाणी १० ग्रॅमवर २ वॉट प्रति किलो. हे योग्यच आहे आणि ते बंद करण्याच्या खटपटीत पडू नये. पण कव्हरात घाम किंवा पाणी साचलं, तर या सेन्सरला शरीर कायमचं जवळ असल्यासारखं वाटू शकतं. लक्षण असं: टेबलावर, हात न लावताही अपलोड मंद, कव्हर काढून, फोन कोरडा पुसून, हात न लावता रीस्टार्ट केल्यावर एकदम ठीक, आणि काही तासांनी पुन्हा मंद. रीस्टार्टने खरोखर सुधारणारा असा प्रकार मला हा एकच पटतो.

माझ्या फोनचं काय निघालं

माझा त्रास बॅटरी बदलून आणल्यावर सुरू झाला होता, पण मी तो संबंध दोन महिने जोडलाच नाही. काड्या भरपूर, डेटा ठीक, फक्त कानाला लावून बोलताना आवाज तुटायचा आणि तोही तर्जनी मागे कॅमेऱ्याखाली टेकवली की जास्त. टेबलावरची फेरी घेतली तेव्हा चित्र उलटंच निघालं. खालचा भाग दोन्ही हातांनी गच्च झाकला तरी आरएसआरपी १ डीबीनेही हलला नाही. वरचा भाग झाकला की उणे ९४ वरून थेट उणे ११२.

खालची अँटेना झाकून काहीच फरक पडत नसेल तर ती फार चांगली आहे असा अर्थ नाही. ती काम करतच नाहीये असा अर्थ आहे. फोन सगळा कारभार वरच्या एका अँटेनावर चालवत होता, ऐकणं आणि बोलणं दोन्ही. ती मोकळी असेपर्यंत सगळं बरं दिसायचं. बोट तिच्यावर आलं की दुसरीकडे वळायला जागाच नव्हती.

फोन पुन्हा उघडल्यावर खालच्या बाजूच्या धातूच्या पट्टीला टेकणारी स्प्रिंगची बारीक पत्ती वाकलेली निघाली आणि शेजारचा एक स्क्रू बसवलेलाच नव्हता. हे स्क्रू फक्त झाकण धरून ठेवत नाहीत, त्यातले काही ग्राउंडची, म्हणजे फोनच्या धातूच्या सांगाड्याशी विजेची, जोडणी असतात. पत्ती सरळ करून, स्क्रू लावून पुन्हा मोजलं: खालचा भाग झाकल्यावर ७ डीबी पडले, वरचा झाकल्यावर ५. आकडे मोजण्याच्या चाचणीत पूर्वी पंचवीसपैकी नऊ गळायचे, आता एकही नाही. तुटलेल्या जोडणीला ट्यूनर काही करू शकत नाही, आणि फोन त्याबद्दल कुठलाही इशारा देत नाही, ही गोष्ट मला फार खटकते. चांगल्या फोनकडे परत येणारी शक्ती मोजण्याची सोय असते, अँटेना तुटल्याचं तो वापरणाऱ्याला सांगू शकला पाहिजे.

स्क्रीन, बॅटरी किंवा मागची काच बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर याच क्रमाने बघायला सांगा: अँटेनाच्या स्प्रिंग पत्त्या, खालच्या बोर्डापासून मुख्य बोर्डाकडे सिग्नल नेणारी बारीक कोअ‍ॅक्स केबल नीट टिचकून बसली आहे का, आणि सगळे स्क्रू मूळ जागी मूळ लांबीचे आहेत का. स्वतः उघडू नका. बॅटरीला टोचा बसण्याचा धोका खरा आहे.

सिग्नल वाढवणारे म्हणून विकले जाणारे स्टिकर आणि अ‍ॅप यांच्यावर वेळ घालवू नका. स्टिकर म्हणजे अँटेनाजवळ आणखी एक अनोळखी वाहक. आणि अ‍ॅपला ट्यूनरपर्यंत पोचण्याचा रस्ताच नसतो, ते नियंत्रण मोडेमच्या आत असतं.

दुरुस्तीला नेताना "रेंज येत नाही" असं सांगू नका. तिथे टॉवर जवळ असेल, काड्या पूर्ण दिसतील आणि फोन तसाच परत मिळेल. असं लिहून द्या: कुठला बँड, हात न लावता आरएसआरपी किती, खालचा भाग झाकल्यावर किती, वरचा झाकल्यावर किती, त्रास बोलण्यात की ऐकण्यात, कुठल्या हातात, कव्हर काढूनही होतो का, आणि फोन याआधी कधी उघडला होता. पहिल्यांदा मी नुसती तक्रार सांगितली तेव्हा फोन "तपासला, ठीक आहे" म्हणून परत आला होता. दुसऱ्यांदा हे आकडे कागदावर दिले, तेव्हा तंत्रज्ञाने ते वाचून सरळ खालची बाजू उघडली.